मेहुण्याच्या मागे बांधलेलं इंजिन

बंद पडलेलं इंजिन एका गावाहून दुसऱ्या गावाला कसं नेतात, हे बहुतेक शिकल्यासवरल्या माणसांना माहीत नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. आमच्या घराचं मात्र एकदा त्यावरून चांगलंच अडलं होतं, म्हणून आधी ते सांगून टाकते. वाफेच्या इंजिनातला विस्तव विझला, वाफ संपली, की रेल्वेत त्याला ‘डेड’ म्हणत. माणूस डेड झाला तर चौघे मिळून खांद्यावर घेतात. इंजिनाच्या बाबतीत ती सोय नसल्यामुळे ते दुसऱ्या चालत्या इंजिनामागे जोडून ओढत न्यायचं. त्याआधी पिस्टनला चाकांशी जोडणारे लोखंडी दांडे काढून ठेवायचे, म्हणजे चाकं नुसती बैलगाडीसारखी फिरतात आणि आतल्या यंत्राला उगाच कसरत होत नाही. वेग अगदी बेताचा. आणि त्या मेलेल्या इंजिनात एक जिवंत माणूस बसवायचा. त्यानं वाटेत तेल घालायचं, आस तापले का ते हात लावून पाहायचं, आणि बाकीचा वेळ नुसतं बसून राहायचं. चालवायचं काहीच नाही. मयतीला आलेल्या दूरच्या नातेवाइकाला जसं काम नसतं, पण हजर तर राहावं लागतं, तसं.

माझे वडील देवराव हे छोट्या लाइनचे ड्रायव्हर. नागपूरहून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी. तिला रेल्वे म्हणावं की रेल्वेचं लहान भावंड, यावर मोठ्या लाइनचे लोक विनोद करत. बाबांना ते विनोद आवडत नसत. त्यांच्या मते मोठ्या लाइनवर इंजिन चालवणं म्हणजे डांबरी सडकेवर सायकल चालवणं. खरा ड्रायव्हर छोट्या लाइनवर कळतो. बाबा स्वतःविषयी असं पुष्कळ बोलत. ड्युटीला निघताना डोक्याला काळा रुमाल बांधून आरशासमोर उभे राहत, तेव्हा आई मला म्हणायची, “पाह्य वं, राजे निघाले लढाईले. डबा दे त्याईच्या हातात.”

आमचं क्वार्टर इतवारीच्या अलीकडे रुळांच्या अगदी काठाला होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे वीतभर ओटा, आणि सगळ्यावर कोळशाची बारीक पूड. आमच्याकडे दही सुद्धा वरून किंचित करडं लागायचं. बाबांच्या इंजिनाचं नाव सगळ्या वस्तीनं ‘ठसकी’ ठेवलेलं. चढाला लागली की भिवापूरच्या मिरचीचा ठसका लागल्यासारखी खोकायची. वस्तीमागच्या रेल्वे फाटकाशी आली की बाबा शिटी द्यायचे: दोन आखूड आणि एक लांब, शेवटी थोडी वर नेऊन सोडलेली. ती ऐकली की आई तवा चढवायची. यात प्रेमाबिमाचा भाग किती होता ते मला सांगता येणार नाही. पोळी गार झाली तर बाबा बोलून दाखवत, एवढं मात्र नक्की. शेजारपाजारच्या बायाही त्या शिटीवर आपापली कामं लावायच्या. एकीनं तर शिटीच्या हिशेबानं पोराला शाळेत पाठवलं होतं आणि ठसकी उशिरा धावली तेव्हा पोराच्या छड्यांचा दोष बाबांवर ठेवला होता.

आता शेषामामा. आईचा धाकटा भाऊ. बाबांनीच त्याला रेल्वेत चिकटवला, आपल्याच इंजिनावर फायरमन म्हणून घेतला, आणि कितीतरी वर्षं त्यानं बाबांच्या हुकमावर भट्टीत कोळसा लोटला. मेहुणा म्हणून त्याला काही सवलत नव्हती; उलट इतर फायरमनना एक शिवी मिळे तिथे मामाला दोन. मग छोट्या लाइनवर डिझेल आलं. ट्रेनिंगला कोण जाणार असं विचारलं तेव्हा मामानं बाबांना न विचारता हात वर केला. परत आला तो पांढरा शर्ट घालून. डिझेलवर पांढरा शर्ट पांढरा राहतो, ही गोष्ट बाबांना फारच लागली.

भडका उडाला अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी, आमच्याच ओट्यावर, पंगत बसलेली असताना. बाबा म्हणाले, “डिझेल म्हणजे काय गा? मोठा स्टोव्ह. पिन मारा, पेटवा. त्याले ड्रायव्हर कायले पाहिजे, आचारी ठेवा.” मामा आधी हसला. बाबांनी तेच दुसऱ्यांदा, पाहुण्यांकडे वळून, मोठ्यानं सांगितलं. तेव्हा मामा म्हणाला, “भाऊजी, स्टोव्ह असो का काही असो. घरी येतो तेव्हा माहं तोंड काळं नसते.” पंगतीत कोणीतरी खुसकन हसलं. बाबा ताटावरून उठले. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

बोलणं बंद म्हणजे पद्धतशीर बंद. मामा भाऊबीजेला, पोळ्याला आमच्याकडे यायचा, पण मागच्या दारानं, मोरीवरून पाय वाचवत. थेट स्वयंपाकघरात बसायचा, जेवायचा आणि आल्या वाटेनं जायचा. त्या वेळी बाबा पुढच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलेले. मधल्या दाराला पडदा. मी तेव्हा कॉलेजात बी. ए. करत होते आणि माझं मुख्य काम या पडद्याच्या दोन्ही बाजूंना ये-जा करण्याचं होतं. “त्याले विचार, पोरगं बरं आहे काय.” “त्याईले सांग, बरं आहे.” आई मधे बसून दोघांनाही सारखंच तेल वाढायची. गोळाभात असला की मामाच्या भातावर फोडणीचं तेल जास्त पडायचं, आणि पडद्यापलीकडून ते बाबांना वासावरून कळायचं. आई एकदाच मला म्हणाली होती, “मले दोघं एका पंगतीत बसलेले पाह्यचे आहेत. मंग मी मेली तरी चालते.” मग थोडं थांबून, “म्हंजे लगेच नाई.”

अशात बातमी आली की छोट्या लाइनवरचं शेवटचं वाफेचं इंजिन म्हणून ठसकीला नागपुरात चौथऱ्यावर बसवणार. कल्पना एका बदलून आलेल्या साहेबांची. साहेबांना इतिहासाची आवड होती. माझ्या अनुभवात ही आवड माणसाला बढतीच्या सुमारास लागते. शेवटची खेप वाजतगाजत व्हावी, इंजिन आपल्या वाफेवर धावत यावं, स्टेशनावर बँड, नारळ, भाषण. आणि चालवायला ज्येष्ठ ड्रायव्हर देवराव. बाबांच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच महिने उरले होते. त्यांनी ही बातमी वस्तीत, बाजारात, न्हाव्याकडे, आणि गावाकडच्या ज्या नातेवाइकांशी आमचं येणं-जाणंही नव्हतं त्यांना सुद्धा कळवली. नवा खाकी कोट शिवायला टाकला. शिंप्याला सांगितलं, “खिसा मोठा ठेव, फोटोत दिसला पाहिजे.”

मग नागभीडला बॉयलर तपासणारा माणूस आला, ठसकीच्या आत डोकं घालून बाहेर आला आणि म्हणाला, नळ्या गळतात, हिला पेटवायचं नाही. झालं. ठसकी डेड. समारंभाची कार्डं छापून झालेली. साहेबांनी मार्ग काढला: इंजिन डिझेलमागे बांधून आणा, पण दिसलं पाहिजे जिवंत. काळा रंग मारा, समोर चांदीचा. डिझेल झाकायला त्याला केळीचे खांब आणि आंब्याची डहाळी बांधा. इतवारीपासून भट्टीत गोवऱ्या धुमसत ठेवा, म्हणजे धुराड्यातून धूर निघेल. आणि दांडे काढू नका, फोटोत चाकांबरोबर दांडे हलताना दिसले पाहिजेत. कोणीतरी हळूच म्हणालं, साहेब, डेड इंजिनाचे दांडे काढायचा नियम आहे. साहेब म्हणाले, नियम इंजिनासाठी आहेत, हा वारसा आहे. ड्रायव्हर देवरावांनी नवा कोट घालून मागच्या इंजिनात उभं राहायचं. हात लिव्हरवर ठेवायचा. चालवायचं काही नाही.

आपल्याकडे माणूस थकला की त्याच्या गोवऱ्या नदीवर गेल्या म्हणतात. ठसकीच्या गोवऱ्या इतवारी स्टेशनावर आल्या. त्या आमच्याच वस्तीतून मागवल्या होत्या आणि आईला त्यासाठी विचारायला आलेल्या शिपायाला तिनं सांगितलं, “इंजिनले गोवऱ्या? घेऊन जा बापा. मडकं अन् सुतळी पण देऊ काय?”

हे सगळं घरी कळलं त्या दिवशी बाबा बाजारात फिरकले नाहीत. ते बाजारात गेले नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर होतं. संध्याकाळी आईनं विचारलं, “पुढचं डिझेल कोण चालवून राहिला?” बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले, “तुहा भाऊ.” मग एकदम उसळून, “मी नाही जात. आयुष्यभर त्यानं माह्या हाताखाली कोळसा टाकला, आता मी त्याच्या मागे बांधलेला जाऊ? सारी वस्ती फाटकावर उभी राहीन. जावई मागं अन् साळा समोर. वरातीत घोड्याले धरून गाढव आणते तसं.”

आई कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, “नका जाऊ. पण मंग फाटकावर जमलेल्या लोकाईले मी काय सांगू, तुमी कुठं गेले? ताप आला? तापाचं सांगते. तुमाले ताप आला अन् माह्या भावानं इंजिन आणलं.” हे मात्र बाबांना चालणारं नव्हतं. ते गेले. वस्तीत त्यांनी इंजिन डेड असल्याचं कोणाला सांगितलं नाही, आणि आम्हा दोघींना सांगू दिलं नाही. फाटकावर लोक वाफ पाहायला येणार होते.

पुढचा प्रवास मी पाहिलेला नाही. तो मला गार्ड तिवारीजींनी सांगितला. तिवारीजी जबलपूरकडचे, शेवटच्या डब्यातून सगळं पाहणारे, आणि सांगताना दर वेळी थोडी भर घालणारे. त्यातला जो भाग बाबांनीही कबूल केला तेवढाच इथे देते.

नागभीडहून निघताना दोघं एकमेकांकडे पाहायलाही तयार नव्हते. मामानं तिवारीजींना सांगितलं, “त्याईले विचारा, हँडब्रेक सोडला काय.” तिवारीजी दहा पावलं मागे आले. “देवरावजी, हँडब्रेक?” बाबा म्हणाले, “त्याले सांगा, तो पैदा झाला नव्हता तेव्हापासून सोडून राहिलो.” तिवारीजींनी पुढे जाऊन सांगितलं, “हाँ, छोड़ दिया.” अशा दुभाष्यांमुळेच जगातली बरीच युद्धं टळली असावीत. भिवापूर आलं. सुगीचे दिवस होते, स्टेशनाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या. एरवी इथे बाबा स्वतःच्या हातानं थांबत आणि निघत. आज ते थांबवले गेले आणि निघवले गेले. फलाटावरच्या एका हमालानं हात केला, “देवरावजी, आज आराम!” त्यानं सहज म्हटलं. पण उमरेड सुटेपर्यंत तो शब्द बाबांच्या डोक्यात खदखदत होता.

उमरेडनंतर त्यांनी मनाशी ठरवलं, या साळ्याचा स्टोव्ह जरा तापवू. ब्रेक लावता आला असता, पण ब्रेक लावला की चाकं तापतात आणि हात लावून कळतं. त्याऐवजी त्यांनी लिव्हर उलट्या दिशेला टाकला, जसं इंजिन मागे न्यायचं असताना टाकतात, आणि वाफेची मोठी झडप उघडली. दांडे जोडलेले होतेच, साहेबांच्या कृपेनं. चालत्या इंजिनात पिस्टन चाकांना फिरवतात. इथे चाकं पिस्टनला फिरवत होती, आणि पिस्टन नको म्हणत होते. एवढाच बाबांचा हेतू होता. शुद्ध द्वेष, त्यात कुठलंही शास्त्र नाही.

पुढे डिझेल घुरघुरायला लागलं. मामानं गाडी थांबवली, खाली उतरला, मागे येऊन ठसकीच्या एकेका चाकाला हात लावून पाहिला. थंड. बाबांनी तोवर लिव्हर मधोमध आणून ठेवला होता आणि लांब शेताकडे पाहत होते. मामा तिवारीजींना म्हणाला, “त्याईले विचारा, आतमधे काही करून राहिले काय.” बाबा तिवारीजींना म्हणाले, “त्याले सांगा, डेड इंजिनात माणूस काय करीन? आराम करून राहिलो.” गाडी निघाली. लिव्हर पुन्हा उलटा. पुन्हा डिझेलची घुरघुर, पुन्हा थांबणं, पुन्हा चाकं चाचपणं. दुसऱ्या वेळी मामा काही विचारायला थांबला नाही. ठसकीच्या दाराशी क्षणभर उभा राहिला, वर पाहिलं आणि परत गेला. तिवारीजींचं मत, त्याच वेळी मामाला सगळं कळलं होतं. इतकी वर्षं त्याच जागी उभं राहून कोळसा टाकलेला माणूस. त्यानंतर मात्र तो थांबला नाही. डिझेलला जास्त जोर दिला आणि ओढत राहिला. ओढ म्हणतो तर ओढ. आणि त्यानं जितकं जोरात ओढलं, तितकं पुढचं विपरीत घडलं.

बाबांचं लक्ष अचानक समोरच्या काट्याकडे गेलं. बॉयलरमधला दाब दाखवणारा काटा, जो सकाळपासून मेल्यासारखा पडून होता, तो उठत होता. भट्टीत विस्तव नाही, वाफेचा पत्ता नाही, आणि काटा वर. उलटे चालणारे पिस्टन सायकलच्या पंपासारखे हवा कोंबत होते, आणि ती हवा उघड्या झडपेतून बॉयलरमध्ये साठत होती. हे मला पुढे कळलं. बाबांनाही पुढेच कळलं. त्या क्षणी, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, त्यांनी हनुमानाचं नाव घेतलं आणि खाली उडी मारावी काय याचा विचार केला. पण तेवढ्यात ओळखीचं वळण आलं, फाटक आलं, आणि त्यांचा हात, डोक्याला न विचारता, शिटीच्या दोरीकडे गेला.

आता मी पाहिलेलं सांगते. फाटकावर ही गर्दी. पोरं झाडावर, बाया डोक्यावर पदर घेऊन, गावाकडचे नातेवाईक घोंगडीवर बसलेले. आई सगळ्यांच्या मागे, हातात काही नाही. तवा चढवून आली नव्हती. डेड इंजिन शिटी देत नाही हे तिला माहीत होतं. आधी केळीचे खांब बांधलेलं काहीतरी आलं. लोक म्हणाले, हे काय, सत्यनारायण निघाला काय? मग कोणाला तरी केळीच्या पानांआडून मामा दिसला. त्याच्यामागे काळीकुळकुळीत ठसकी, वाफ नाही, धूर नाही, आणि तिच्यात नव्या कोटातले बाबा. गर्दीत एक कुजबूज सुरू झाली. माझ्या आत्याचा नवरा मोठ्यानं म्हणाला, “हे तं ओढून आणून राहिले!” मी खाली पाहिलं. आणि त्या कुजबुजीच्या डोक्यावर ठसकी ओरडली.

दोन आखूड, एक लांब. पण तो आवाज तिचा नव्हता. वाफेची शिटी चढी, धारदार असते. ही जाड, घोगरी, सर्दी झालेल्या रेड्यासारखी. शेवटी वर नेऊन सोडायची ती वर गेलीच नाही, घसरत खाली आली. झाडावरची पोरं उड्या मारून पळाली. एक म्हातारी म्हणाली, “माय वं, भूत!” मी आईकडे पाहिलं तर ती जागेवर नव्हती. ती घराकडे धावत सुटली होती. मी मागे धावले, “आई, काय झालं?” ती न थांबता म्हणाली, “पोळ्या व्हायच्या आहेत ना वं!” अर्ध्या वाटेत तिच्या लक्षात आलं. मग ती रुळाच्या कडेला बसून हसली, इतकी, की मी तिला पाणी आणायला जाणार होते.

बाबा इथेच थांबले असते तर हे प्रकरणही इथेच संपलं असतं. पण फाटकावरच्या गर्दीचं तोंड उघडं पडलेलं त्यांनी पाहिलं होतं, आणि माणसाला एकदा टाळी मिळाली की तो शहाणपणानं वागत नाही. नेत्यांचं तेच होतं. त्यांनी ठरवलं, आता साहेबांपुढे. इतवारीला भट्टीत गोवऱ्या पेटवून झाल्या, धूर निघाला, आणि निघताच लिव्हर पुन्हा उलटा. आता मात्र पिस्टन नुसती हवा घेत नव्हते. गोवरीचा धूर, राख, धुराड्यातली वर्षानुवर्षांची काजळी, सगळं ओढून घेत होते. नागपूरच्या फलाटावर बँड वाजत होता. साहेब पांढऱ्या सफारीत, हातात नारळ, ठसकीच्या पुढच्या चाकांशी उभे. गाडी थांबली. बाबांनी दोरी ओढली. शिटीतून एक खोकला निघाला, एक राखेचा गोळा निघाला, आणि ती बसली. बँडवाले थबकले. बाबा गडबडले आणि गडबडलेला ड्रायव्हर सवयीनं जे करतो ते त्यांनी केलं: थांबल्यावर पिस्टनच्या नळकांड्यांत साचलेलं पाणी सोडायच्या चाव्या उघडल्या. साहेब नेमके त्या नळकांड्यांसमोर होते. आत कोंडलेल्या हवेनं तेल, काजळी आणि शेणाची राख यांचा एक काळा फवारा जोरात बाहेर फेकला. नारळ साहेबांच्या हातातून पडला आणि आपोआप फुटला, म्हणजे मुहूर्त चुकला नाही.

चौकशी लागली. गंमत इथवरच होती. बाबांच्या निवृत्तीच्या तोंडावर आरोप सिद्ध झाला तर पेन्शन अडकणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी कोट खुंटीला लावला तो पुन्हा घातला नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाले, “तो सांगन. काहून नाही सांगणार? मी त्याच्या जागी असतो तं सांगितलं असतं.” तो म्हणजे मामा. सगळं त्याच्या जबानीवर होतं. तिवारीजी शेवटच्या डब्यात होते. त्यांना नीट दिसणं शक्य नव्हतं असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत होते. पण मामानं दोनदा गाडी थांबवली होती, आणि का थांबवली हे त्यालाच सांगावं लागणार होतं. अखजीच्या पंगतीचा हिशेब चुकता करायला त्याला नुसतं खरं बोलायचं होतं.

आई भावाकडे गेली नाही. मला वाटलं होतं जाईल, रडेल. मी म्हटलंही, मी जाते डबा घेऊन. ती म्हणाली, “नोको. डबा पाठवला तं तो म्हणन मी लाच देऊन राहिली. त्याले सुचन ते करू दे.” आणि त्या दिवशी तिनं डाळ जाळली, जी ती कधी जाळत नसे.

चौकशीच्या खोलीत काय झालं ते मामाच्या तोंडून कधीच कळलं नाही, पण तिथे चहा नेणाऱ्या पोऱ्याकडून सगळ्या वस्तीला कळलं. विचारलं, फाटकाशी शिटी वाजली? मामा म्हणाला, मला ऐकू आली नाही, डिझेलचा आवाज मोठा असतो. चौकशीवाले म्हणाले, सगळ्या वस्तीनं ऐकली. वस्तीचं मला माहीत नाही. पण ते इंजिन डेड होतं साहेब, डेड इंजिनात प्रेशर नसते, अन् प्रेशर नसल्यावर शिटी वाजत नाही. मग फवारा? रंग ताजा होता, निघाला असन. बरं, वाटेत दोनदा गाडी का थांबवली? इथे, पोऱ्या सांगायचा, मामा पहिल्यांदा थोडा थांबला. मग म्हणाला, “लघवीले.” दोनदा? “मले साखर आहे साहेब.”

मी त्या वर्षी तर्कशास्त्र शिकत होते. इतकं निर्दोष अनुमान मला पुस्तकात सापडलं नव्हतं. चौकशी करणाऱ्यांपुढे दोन वाटा होत्या: डेड इंजिनाची शिटी वाजली असं मानायचं, आणि मग दांडे कोणाच्या हुकमानं ठेवले ते विचारायचं, किंवा शिटी वाजलीच नाही असं मानायचं. साहेबांच्याच खोलीत बसून त्यांनी दुसरी वाट धरली. शेकडो माणसांनी ऐकलेली शिटी वाजलेली नाही असं ठरलं. पुढे आयुष्यात मी इतिहास शिकवला, आणि इतिहास ठरवण्याची ही पद्धत मला पुन्हा पुन्हा भेटत गेली.

त्या रविवारी मामा आला. सवयीनं मागच्या दारानं, मोरीवरून. आत पाहतो तर स्वयंपाकघरात, त्याच्या नेहमीच्या पाटाशेजारी दुसऱ्या पाटावर बाबा बसलेले. आईनं गोळाभात केला होता. मामा क्षणभर दारात थांबला, चपला काढल्या आणि बसला. आईनं दोघांना वाढलं, मोजून सारखं तेल.  मी पडदा कधीच गुंडाळून ठेवला होता. कोणाचं काही पोहोचवायला नव्हतं. अर्धा भात संपल्यावर बाबांनी विचारलं, “काहून गा शेषराव. तुले खरंच ऐकू नाही आली?”

मामा घास चावत म्हणाला, “काय?”

“शिटी.”

“कोणती शिटी, भाऊजी?”

बाबांचा हात ताटातच राहिला. आई पदर तोंडात कोंबून चुलीकडे वळली. तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की त्यांची पेन्शन वाचली आहे आणि त्याची किंमत काय आहे. मेलेल्या इंजिनाची शिटी वाजवलेला कदाचित जगातला एकमेव ड्रायव्हर, आणि त्याचा एकमेव जाणकार साक्षीदार म्हणतो, कोणती शिटी.

त्यानंतर कितीतरी वर्षं दोघं एकत्र जेवले, भांडले, पत्ते खेळले. बाबांनी मामाला गोडीनं विचारलं, चिडून विचारलं, एकदा भांग घेऊन विचारलं. मामा दर वेळी तेच म्हणाला. पण फुकट त्यालाही काही मिळालं नाही. त्याच्या साखरेची बातमी ऑफिसातून शेडमध्ये आणि शेडमधून वस्तीत पसरली, आणि निवृत्त होईपर्यंत कोणी त्याला गोड चहा दिला नाही. लग्नाकार्यात त्याच्या पानात बुंदी वाढली जात नसे. चौकशी उकरून निघू नये म्हणून तो मुकाट बसे. बाबा समोर बसून दोन लाडू जास्त खात.

बाबा गेले त्यानंतर एकदा मामा मला म्हणाला, चाल, ठसकी पाहून येऊ. चौथऱ्याभोवती कठडा आहे, पाटीवर नाव चुकलेलं आहे, आणि पितळी शिटी कोणीतरी केव्हाच काढून विकली आहे. तिथे नुसतं एक भोक आहे. मामा त्या भोकाकडे बराच वेळ पाहत उभा होता. आता तोही काठी टेकत चालायचा.

“वाजली होती वं सुमे,” तो म्हणाला. “पण बेसूर.”

मग कठड्याला टेकून असलेल्या चहाच्या ठेल्याकडे वळला आणि म्हणाला, “दोन चहा दे बापा. माह्यात साखर जास्त टाक.”